हातचा

दोन पिवळ्या बस
रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
बटाट्याच्या गोदामापाशी एकमेकींना ओलांडायच्या.
एक ॲशबीची, एक सेंट ओमेरची.
दोन्ही अर्ध्या रिकाम्या,
दोन्हींचे हीटर कुरकुरणारे,
आणि चाकांखाली तोच रस्ता,
मेनच्या या उत्तर टोकाला
एकाच नांगराने बर्फ खरवडलेला.

हे मीच दाखवून दिलं.
मंडळाच्या कचेरीत हिशेब माझ्याकडे असतात.
डिझेल, टायर, विमा, दोन पगार,
जानेवारीत फुटलेला रेडिएटर.
वर्षाला एक्केचाळीस हजार डॉलर वाचतील,
असा कागद मी टेबलावर सरकवला.

बास्केटबॉलच्या कुठल्याशा जुन्या सामन्यावरून
ज्यांनी एकमेकांना कॉफीसुद्धा विचारली नव्हती
ती दोन्ही गावं खुर्च्या ओढून बसली.
नऊ विरुद्ध एक. ठराव मंजूर.
विरोधातलं मत ओरिल डुबेचं.
कारण विचारलं तर म्हणाला,
"कारण नाही सापडत. पण लिहून ठेव."
मी लिहून ठेवलं.

आता एकच बस. लुएला पेल्की चालवते.
दुसरीवरचा मर्ल हॅसन
शाळेच्या स्वयंपाकघरात ट्रे धुतो.
तक्रार नाही त्याची.
सात-दहाला घड्याळाकडे बघतो फक्त,
असं आचारीण सांगते.

पहिल्या आठवड्यात
ॲशबीची पोरं डावीकडे, सेंट ओमेरची उजवीकडे,
आणि मधल्या वाटेवर कुणीतरी
निळी टेप चिकटवली, सरळ, मागपर्यंत.
लुएलाने ती काढली नाही.
ओल्या बुटांनी काढली,
थोडी थोडी, थँक्सगिव्हिंगपर्यंत.

फेब्रुवारीत मी स्वतः बसले,
मैल मोजायला.
शेवटच्या घरापुढचं शेवटचं घर:
एमेरी सीर, वय अकरा,
टॉर्च हलवत अंधारातून आला.
पूर्वी त्याला सहा पस्तीसला घ्यायचे.
आता पाच पन्नास.
सीटवर टेकायच्या आधीच तो झोपला होता,
ट्रम्पेटच्या पेटीवर गाल ठेवून.

ट्रम्पेटचा वर्ग त्याच पैशांत वाचलाय,
हेही सांगायला हवं.
एमेरी वाजवतो. फार वाईट वाजवतो.
पण वाजवतो.

गोदाम आलं.
लुएलाने स्टिअरिंगवरून हात उचलला,
दोन बोटं, जेमतेम,
समोरच्या रिकाम्या रस्त्याला.
"कुणाला?" मी विचारलं.
"हात उठतो," ती म्हणाली,
आणि उगाच वायपर चालू केले,
काचेवर काही नसताना.

दुसरीत मी बेरजा करायचे
आणि हातचा विसरायचे.
आमच्या बाई उत्तरावर फुली मारत नसत.
वर, दशकाच्या डोक्यावर
लाल पेन्सिलीचं एक टिंब देत.
म्हणजे: इथे काहीतरी होतं.

एप्रिलमध्ये नवा तक्ता केला.
बेरीज पुन्हा तपासली, चुकली नव्हती.
मग पंचेचाळीस मिनिटं
गुणिले शाळेचे एकशे पंचाहत्तर दिवस:
एकशे एकतीस तास, वर पंधरा मिनिटं.
डॉलरच्या रकान्यात ते बसेना.
बसचा रस्ता उलट फिरवून पाहिला,
तर दुसऱ्या टोकाची दुसरी मुलगी
अंधारात उभी राहिली.
आणि दोन बोटं,
ती कुठल्या एककात मोजायची?

शेवटी पेन्सिलने, बारीक,
बेरजेच्या डोक्यावर लिहिलं.

बैठकीत ओरिलने चष्मा कपाळावर सरकवला,
कागद नाकाशी नेला.
"हे काय वर?"
"हातचा," मी म्हटलं.

बाकीचे पुढच्या पानावर गेले होते,
छपराच्या गळतीवर.
त्याने पान उलटलं नाही.